मुलांच्या वस्तूतील शिसे आणि परत बोलावलेला माल

शाळा उघडण्याच्या आधीच्या पंधरवड्यात उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून किंवा जपानी बाजारातून एक फेरी मारली, तर मुलांच्या मालाचे ढीग दिसतात. जीन्स, फ्रॉक, दप्तरे, कमरेचे पट्टे, केसांच्या क्लिपा, पिना, रबरे, खोट्या मोत्यांच्या माळा. हाच माल पुढे अंबरनाथ, बदलापूरच्या दुकानांत आणि हातगाड्यांवर जातो, आणि दलालांमार्फत परगावी व परदेशीही जातो. आम्ही कापडवाले कापडाची पारख करतो, धाग्याचा नंबर विचारतो, रंग उडतो की काय ते ओल्या रुमालाने घासून पाहतो. परंतु त्या कापडावर बसणारे बटण, रिव्हेट, चेनचा स्लाइडर, टिकली, बिल्ला यांच्याविषयी आपल्याकडे फक्त दोनच प्रश्न विचारले जातात: ग्रोसचा भाव काय, आणि चमक किती दिवस टिकेल. ते कशाचे बनले आहे, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. जगाच्या बाजारात गेल्या वीस-बावीस वर्षांत मुलांचा जो माल "परत बोलावला" गेला, तो या तिसऱ्या प्रश्नामुळे. आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी हा विषय नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाचा अर्थ. आपल्याकडे "रिटर्न माल" म्हणजे दुकानदाराने नापसंत करून परत पाठवलेला गठ्ठा. त्यात फार तर भाड्याचे आणि कसरीचे नुकसान होते. परत बोलावणे ही निराळी गोष्ट आहे. माल विकला गेलेला असतो, घराघरांत पोहोचलेला असतो, मुलांच्या अंगावर असतो. आणि त्यानंतर सरकार किंवा कंपनी जाहीर करते की ही वस्तू वापरू नका, मुलाच्या हातातून काढून घ्या, दुकानात परत द्या व पैसे घेऊन जा. अमेरिकेत हे काम पाहणारा ग्राहकवस्तू सुरक्षा आयोग १९७२ च्या कायद्याने स्थापन झाला. युरोपातील देश एकमेकांना धोकादायक मालाची सूचना देतात आणि ती यादी दर आठवड्याला जाहीर होते. पूर्वी तिला रॅपेक्स म्हणत, आता सेफ्टी गेट म्हणतात. या याद्यांत वस्तूचा फोटो, धोका कोणता, किती नग विकले गेले हे सर्व असते, आणि एका ओळीत माल कोणत्या देशात बनला तेही असते.

नाणे टाकून मिळणारे लॉकेट

त्या ओळीत भारताचे नाव मोठ्या प्रमाणावर आले ते २००३ आणि २००४ साली, आणि ही हकिकत आपल्या धंद्याच्या अगदी जवळची आहे.

अमेरिकेत दुकानांच्या दाराशी यंत्रे असतात. नाणे टाकले की एक छोटी डबी बाहेर पडते. तिच्यात अंगठी, माळ किंवा लॉकेट निघते. २००३ साली ओरेगॉन राज्यातील चार वर्षांच्या एका मुलाने असे लॉकेट गिळले. पोटदुखी, उलट्या, अशक्तपणा. प्रथम कारण कळेना. एक्स-रेमध्ये पोटात धातूची वस्तू दिसली. रक्त तपासले तेव्हा दर डेसिलिटरमागे १२३ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. त्या काळी तेथे १० मायक्रोग्रॅमला धोक्याची रेषा मानीत. पोटातून काढलेले लॉकेट तपासले, तर वजनाच्या सुमारे ३९ टक्के शिसे होते. मुलगा उपचाराने वाचला.

ते लॉकेट भारतात बनलेले होते. सप्टेंबर २००३ मध्ये तशा सुमारे १४ लाख माळा परत बोलावल्या गेल्या. तपास पुढे चालला, आणि जुलै २००४ मध्ये चार आयातदारांनी मिळून या यंत्रांतून विकलेले १५ कोटी नग परत बोलावले. जानेवारी २००२ ते जून २००४ या काळात ते २५ ते ७५ सेंटांना विकले गेले होते. त्यांतल्या जवळपास निम्म्या नगांत धोकादायक प्रमाणात शिसे असावे असा आयोगाचा अंदाज होता. हाही माल भारतातलाच होता.

तो कोणत्या शहरातील, कोणत्या गल्लीतील कारागिराने ओतला, ते नोटिशीत नसते. नोटिशीत देशाचे नाव असते. त्यामुळे ज्या हजारो कारागिरांचा त्या लॉकेटशी काही संबंध नव्हता त्यांच्याही मालाकडे खरेदीदार संशयाने पाहू लागतो. उल्हासनगरवर "मेड इन यू.एस.ए." चा जो जुना विनोद चालत आला आहे (उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा त्याचा खुलासा करतात), त्यावर आम्हीही हसतो. परंतु प्रयोगशाळेतील यंत्र लेबल वाचत नाही.

ओरेगॉनचा मुलगा वाचला. २००६ साली मिनियापोलिसचा चार वर्षांचा मुलगा वाचला नाही. त्याने बुटांच्या जोडीबरोबर फुकट मिळालेल्या कड्याचा हृदयाच्या आकाराचा तुकडा गिळला होता. त्या तुकड्यात ९९ टक्के शिसे होते. तो माल चीनमधला, नाव मोठ्या कंपनीचे. तीन लाख कडी परत बोलावण्यात आली. विकत घेतलेली वस्तू बूट होती, कडे भेट म्हणून दिले होते. आपल्याकडे मुलांच्या ड्रेसबरोबर फुकट माळ, फुकट पर्स, फुकट बेल्ट देण्याची रीत आहे. फुकटची वस्तू जितकी स्वस्त मिळेल तितकी घेतली जाते, आणि तिची चौकशी सर्वांत कमी होते.

शिसे घालतातच कशाला

कोणी कारागीर मुलांना विष द्यावे म्हणून शिसे घालीत नाही. कारण भट्टीत आहे. शिसे ३२७ अंशांवर वितळते, जस्ताला ४१९ अंश लागतात. कमी आचेवर काम होते, साचा जास्त दिवस टिकतो, बारीक नक्षी पूर्ण भरते, आणि वस्तू हाताला जड लागते. जड वस्तू गिऱ्हाइकाला भरीव वाटते. कथील याहूनही कमी आचेवर, २३२ अंशांवर वितळते आणि काम उत्तम देते, पण त्याचा भाव शिशाच्या कितीतरी पट असतो. म्हणून कथलाच्या नावाखाली शिशाची भेसळ होते.

दुसरे कारण भंगार. अमेरिकेतील अॅशलँड विद्यापीठाच्या जेफ्री वायडेनहॅमर यांनी २००७ च्या सुमारास स्वस्त चिनी दागिन्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील काही नगांची घडण जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाशी आणि विजेच्या उपकरणांवरील झाळाशी मिळतीजुळती निघाली. म्हणजे मोटारीची बॅटरी फोडून काढलेले शिसे फिरत फिरत एखाद्या मुलीच्या गळ्यात गेले. आपल्या भागातही भंगार वितळवून लगडी विकणारे आहेत. लगडीवर काही लिहिलेले नसते. ओतणाऱ्याला विचारावे तर तो म्हणतो, "व्हाइट मेटल." व्हाइट मेटल ही काही एक धातू नव्हे, ते नुसते रंगाचे वर्णन आहे.

शिशावर गिलीट चढवले म्हणून धोका मिटत नाही. मूल वस्तू चोखते, चावते. वरचा पातळ थर आठ-पंधरा दिवसांत जातो. गिळली तर पोटातील आम्ल उरलेले काम करते. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. बुद्धी मंदावते, अभ्यासात लक्ष लागत नाही, रक्त कमी होते, आणि हे नुकसान बहुधा भरून येत नाही. मोठ्या माणसापेक्षा मुलाच्या शरीरात ते जास्त शोषले जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असलेली जगातील मुले सुमारे ८० कोटी आणि त्यांतील भारतातली सुमारे साडेसत्तावीस कोटी, असा अंदाज दिला आहे. ते सर्व दागिन्यांतून आले असे नाही. बॅटऱ्यांचे भंगार, रंग, भांडी, मसाले असे पुष्कळ मार्ग आहेत.

आणि येथे आम्ही कारागीर बंधूंना स्वतंत्रपणे सांगू इच्छितो. परदेशातील मूल तो नग एखादे वेळी तोंडात घालील. तुमचे मूल त्या भट्टीच्या खोलीत झोपते. घासकामाची धूळ कपड्यांना, केसांना लागून घरी येते, त्याच हाताने घास घेतला जातो. ओतकाम राहत्या खोलीत करू नये, काम संपल्यावर कपडे बदलून हात-तोंड साबणाने धुऊनच मुलाला उचलावे, खोली झाडू नये तर ओल्या फडक्याने पुसावी. याला खर्च येत नाही.

शिशावर बंधने आली तेव्हा काही चिनी कारखान्यांनी त्याच्या जागी कॅडमियम घातले. तेही ३२१ अंशांवर वितळते, आणि तेही विषारी, मूत्रपिंडाला व हाडांना घातक आणि कर्करोगास कारण. जानेवारी २०१० मध्ये वृत्तसंस्थेने हे उघडकीस आणले आणि पुन्हा मुलांचे दागिने दुकानांतून उचलले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये एका मोठ्या खानावळ कंपनीने चित्रांचे १ कोटी २० लाख काचेचे पेले परत बोलावले, कारण चित्रांच्या रंगात कॅडमियम होते. युरोपने दागिन्यांतील कॅडमियमला डिसेंबर २०११ पासून ०.०१ टक्क्यांची मर्यादा घातली.

अमेरिकेचा कायदा २००८ साली आला. त्याआधी २००७ मध्ये एका जगप्रसिद्ध खेळणी कंपनीने शिशाच्या रंगामुळे जगभरातील सुमारे १५ लाख खेळणी परत बोलावली होती. ती खेळणी बनवणाऱ्या चिनी कारखान्याच्या मालकाने त्या ऑगस्टमध्ये आत्महत्या केली. त्याला तो रंग पुरवणारा त्याचा जवळचा मित्र होता, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले. आमच्या धंद्यातही पुरवठादार हा बहुधा नातेवाईक, शेजारी किंवा मशिदीत बरोबर उभा राहणारा असतो, आणि त्याच्याकडे कागद मागायला आम्ही संकोचतो. विश्वास चांगली गोष्ट आहे. पण मित्रालाही त्याची लगडी कुठून आली हे ठाऊक असेलच असे नाही.

या २००८ च्या कायद्याने मुलांच्या वस्तूवरील रंगात शिसे दशलक्षात ९० भाग आणि मूळ पदार्थात, २०११ पासून, दशलक्षात १०० भाग एवढीच मुभा ठेवली. प्लास्टिक मऊ करण्यासाठी घालतात त्या थॅलेट रसायनांवरही बंधन आले. मुलांच्या वस्तूवर तिचा लॉट ओळखता येईल अशी कायम खूण हवी, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेचा दाखला हवा. कपडेवाल्यांसाठी यात एक बारकावा आहे. साध्या रंगवलेल्या कापडाला शिशाच्या चाचणीतून सूट आहे, कारण त्यात ते सहसा सापडत नाही. परंतु त्यावरील बटण, चेन, रिव्हेट आणि छापलेले चित्र यांना ती सरसकट सूट नाही. दोनशे रुपयांच्या जीन्समधील दोन रुपयांचे बटणच तेवढे अडवते.

जीन्सच्या बटणाला आणखी एक कायदा लागतो, निकेलचा. पोटाला घासणाऱ्या बटणातील निकेलमुळे त्वचेला खाज येऊन चट्टे पडतात. डेन्मार्कने प्रथम नियम केला आणि १९९४ मध्ये सर्व युरोपीय संघाने. म्हणून तिकडच्या खरेदीदाराच्या ऑर्डरवर "निकेल-फ्री" लिहिलेले असते. आपल्याकडे काही जण तो शब्द बटणाच्या रंगाचे नाव समजतात, असा आमचा अनुभव आहे.

रंगाची जुनी गोष्ट

आमच्या कापड धंद्याने हा धडा दागिनेवाल्यांच्या आधी घेतला आहे. १९९४ साली जर्मनीने अॅझो रंगांपैकी काहींवर बंदी आणली. अॅझो रंग स्वस्त, भडक आणि शेकडो छटांचे. सर्वच वाईट नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. पण त्यांपैकी काही रंग घाम, लाळ आणि त्वचेवरील जंतू यांच्यामुळे फुटतात आणि त्यांतून बेंझिडीनसारखी द्रव्ये सुटतात, ज्यांमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो. ही माहिती काही नवी नव्हती. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग दाखवून दिला होता. कामगारापासून गिऱ्हाइकापर्यंत कायदा पोहोचायला शंभर वर्षे लागली.

त्या वेळी बाजारात जी घबराट झाली ती जुन्या कापडवाल्यांना आठवत असेल. कोणी म्हणाले, हा गोऱ्यांचा आपला माल अडवण्याचा डाव आहे. त्यात काही तथ्य नसेलच असे नाही; श्रीमंत देश आपला बाजार राखतात. परंतु बेंझिडीन शरीरात गेल्यावर तो माणूस कोणत्या देशाचा हे पाहत नाही. आपल्या सरकारने बेंझिडीनपासून बनणाऱ्या ४२ रंगांवर १९९३ पासून बंदी घातली आणि २६ मार्च १९९७ च्या अधिसूचनेने आणखी ७० अॅझो रंगांवर, असे एकूण ११२ झाले. युरोपात पुढे २००२ च्या आदेशाने त्वचेला लागणाऱ्या कापडात व चामड्यात अशा २२ द्रव्यांना प्रत्येकी किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ठरली.

ज्यांनी लवकर रंग बदलले त्यांचा माल चालू राहिला. ज्यांनी रंगवाल्याच्या तोंडी भरवशावर माल पाठवला त्यांना चाचणीत नापास झालेल्या गठ्ठ्याचे भाडे दोन्ही बाजूंनी भरावे लागले. आमच्या ओळखीच्या एका रंगाईवाल्याने बिलावर रंगाचे नाव लिहायला नकार दिला. म्हणाला, "नाव लिहिले तर फॉर्म्युला जाईल." आम्ही त्याच्याकडून माल घेणे थांबवले. नाव लपवणारा फॉर्म्युला राखत असेल किंवा रंग; घेणाऱ्याला दोन्हीत फरक करता येत नाही.

आपल्या भागात रसायनाची किंमत वेगळ्या तऱ्हेनेही मोजली गेली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने बेकायदा रसायन ओतले गेले आणि वायूने शेकडो माणसे इस्पितळात गेली. पुढे उल्हासनगरचे शेकडो जीन्स धुलाई कारखाने प्रदूषणाच्या कारवाईत बंद झाले. त्यांत आपल्या समाजाचे पुष्कळ मजूर होते. कायदा झोपलेला असतो तोपर्यंत सर्व चालते, आणि जागा होतो तेव्हा एका रात्रीत कुलूप लागते. धुलाईवाल्यांचा हा अनुभव बटणवाल्यांनी आणि क्लिपवाल्यांनी ऐकून ठेवावा.

आपल्या देशातील कायदा

पूर्वी म्हणत असत की हे नियम एक्स्पोर्टवाल्यांसाठी, देशी बाजारात कोण विचारतो. आता तसे राहिलेले नाही. २००९ च्या जानेवारीत सरकारने चिनी खेळण्यांची आयात सहा महिन्यांसाठी बंद केली आणि मार्चमध्ये सुरक्षेचा दाखला असलेल्या मालाला वाट दिली. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली व आसपासच्या बाजारांतून खेळण्यांचे १२१ नमुने घेतले, त्यांतील सुमारे ६७ टक्के चाचण्यांत नापास झाले. मग फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांचा गुणवत्ता हुकूम निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यावर आय.एस.आय. खूण सक्तीची झाली. मानक आहे आय.एस. ९८७३, त्यात शिसे, कॅडमियम आदी धातूंचीही चाचणी आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला या हुकमातून सूट दिली गेली. म्हणून लाकडी किंवा कापडी खेळणी बनवणाऱ्या बंधूंनी ती नोंदणी करून घेणे फायद्याचे आहे. बिनखुणेचा सक्तीचा माल विकणाऱ्याला मानक ब्यूरोच्या २०१६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड ठेवला. जानेवारी २०२३ मध्ये ब्यूरोने देशभर छापे घालून १८ हजारांवर खेळणी जप्त केली, आणि ती हातगाडीवरून नव्हे तर मॉल व विमानतळांवरील मोठ्या दुकानांतूनही.

केसांची क्लिप किंवा कमरेचा पट्टा हे "खेळणे" नव्हे, असे आपला वकील म्हणेल, आणि व्याख्येप्रमाणे बरोबर म्हणेल. परंतु २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सर्व मालाला आहे. जुलै २०२० पासून तो अमलात आहे. त्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार आहे, आणि तो वापरलाही जातो: ऑगस्ट २०२२ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला २,२६५ प्रेशर कुकर परत बोलावून गिऱ्हाइकांचे पैसे परत देण्यास सांगण्यात आले. कलम ८४ प्रमाणे सदोष मालाने इजा झाली तर बनवणारा जबाबदार, मग त्याने निष्काळजीपणा केला नव्हता असे सिद्ध केले तरी. कलम ८६ दुकानदाराविषयी आहे, आणि ते आपल्या बाजाराने पाठ करावे असे आहे. बनवणारा कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर कारवाई होऊ शकत नसेल, तर विकणाराच जबाबदार धरला जाऊ शकतो. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या क्लिपेचा बनवणारा कोण? कायद्याच्या नजरेत तुम्ही.

आता मजुरीवर काम करणाऱ्याचा विचार करू, कारण आपल्या समाजात तोच जास्त आहे. शेठ कापड देतो, बटण देतो, टिकली देतो. कारागीर बसवून देतो आणि नगावर मजुरी घेतो. माल नापास झाला की शेठ म्हणतो, बटण तुझ्याकडून बदलले गेले. कारागिराकडे कागद नाही, मागील मजुरी अडकलेली. यावर उपाय अवघड नाही. माल घेताना चलनावर लिहून घ्यावे की बटण, टिकली, चेन शेठने दिली, लॉट अमुक. प्रत्येक लॉटमधील दोन-चार नग लहान पाकिटात घालून तारीख लिहून ठेवावेत. बटण स्वतः आणत असल्यास पक्के बिल घ्यावे आणि बिलावर धातूचे नाव लिहायला लावावे; "व्हाइट मेटल" लिहिलेले बिल घेऊ नये. शेठ रागावेल म्हणून पुष्कळजण हे करीत नाहीत. आम्ही स्वतः व्यापारी असल्याने सांगतो, ज्याला पुढे बाहेरच्या खरेदीदाराला कागद द्यायचे असतात तो शेठ असा कारागीर शोधत असतो.

चाचणी कोठे व कशी

चुंबक लावून फक्त लोखंड कळते. कागदावर घासून करडी रेघ उठली तर शिशाचा संशय घ्यावा, पण रेघ उठली नाही म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही. रंग बदलणाऱ्या काड्या बाजारात मिळतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये असे अमेरिकेच्या आयोगानेच सांगितले आहे. खरी परीक्षा प्रयोगशाळेत. कापडाच्या रंगासाठी मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे, घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन (बी.टी.आर.ए.) आणि वरळीला सस्मिरा. धातू व प्लास्टिकच्या नगांसाठी एन.ए.बी.एल.ची मान्यता पाहून खाजगी प्रयोगशाळा निवडावी, आणि ती मान्यता त्याच चाचणीसाठी आहे ना हे विचारावे. खर्च छोट्या माणसाला एकट्याने झेपत नाही हे खरे. पण प्रत्येक जीन्स तपासायची नसते. बटणाचा लॉट तपासायचा असतो. एकाच बटणवाल्याकडून घेणारे दहा दुकानदार मिळून एक चाचणी करू शकतात. त्याहून सोपे म्हणजे त्या बटणवाल्यालाच दाखला आणायला लावणे. दहा जणांनी मागितला तर तो आणतो. एकाने मागितला तर म्हणतो, दुसरीकडे जा.

शरीअतमध्ये खियार-ए-ऐब म्हणून जो हक्क आहे तो आपल्या आलिमांकडून सर्वांनी ऐकलेला असतो: ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क. पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतली ओल बाहेर दाखवली, तो प्रसंगही ठाऊक असतो. इमाम अबू हनीफा (रह.) हे कापडाचेच व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक ऐब असलेले कापड गिऱ्हाइकाला न सांगता विकले, आणि ते गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सर्व रक्कम खैरात केली अशी रिवायत आहे. गिऱ्हाइकाला शोधण्याचा तो प्रयत्न म्हणजे आजच्या भाषेत माल परत बोलावणेच होय. फरक इतकाच की त्यांच्यावर आयोगाची नोटीस नव्हती.

या संदर्भात सुरम्याचा व तावीजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण मशिदीबाहेर आणि उरुसात या वस्तू आपलेच बंधू विकतात. बाजारातील काळा सुरमा पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाच्या गंधकयुक्त खनिजाचा असतो. परदेशांत अनेक ठिकाणी तान्ह्या मुलांच्या रक्तातील शिशाचा माग सुरम्यापर्यंत लागला आहे, आणि अमेरिकेने त्याची आयात अडवली आहे. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली कंबोडियातील कुटुंबाच्या एक वर्षाच्या मुलाच्या गळ्यातील गंड्याच्या मण्यांत ४५ टक्के शिसे सापडले. मूल तो चोखत असे. तावीज घालावा की नाही हा मसला आलिमांचा आहे, आम्ही त्यात पडत नाही. पण जो विकतो त्याने त्याची डबी कशाची आहे एवढे पाहावे. चांदीची किंवा स्टीलची डबी मिळते. सुरमा तान्ह्या मुलासाठी म्हणून विकू नये.

राहिला प्रश्न जुन्या स्टॉकचा. गोदामात पडलेल्या संशयित क्लिपा, माळा, बटणे यांचे काय करावे, असे आम्हाला विचारले जाते. काहीजण तो माल सेलच्या गाडीवर घालतात. काहीजण त्याहून वाईट करतात, रमजानमध्ये सदका म्हणून गरीब मुलांत किंवा मदरशात वाटतात. हे दोन्ही करू नये. भंगारवाल्याला किलोवर द्यावे तर तो पुन्हा भट्टीत घालील आणि तीच लगडी आपल्याकडे परत येईल. नोंदणीकृत शिसे पुनर्वापरवाले बॅटरीच्या व्यवहारासाठी नेमलेले असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात विचारल्यास जवळचा कोण ते कळते. माल कमी असेल तर आपल्या बॅटरीवाल्यामार्फत एकत्र करून द्यावा. बटणे लावलेले कपडे असतील तर बटणे उसवून कपडा ठेवता येतो. उसवण्याची मजुरी नगामागे कमी लागते; नवे बटण दाखल्यासह घेतले तरी जीन्स पदरात राहते. उसवलेली बटणे मात्र मोजून, पिशवीला गाठ मारून ठेवावीत, कारण पोराटोरांना ती खेळायला फार आवडतात.